सोसायटीचा ग्रुप, रिडेव्हलपमेंट आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका

आलेलं पत्र, थोडं कमी करून:

"ताई, आमची सोसायटी डोंबिवलीत, १९८९ ची, तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही, ३२ फ्लॅट. मी चौथ्या मजल्यावर राहते. २०२० च्या लॉकडाऊनमधे दूध-भाजीची एकत्र ऑर्डर द्यायला मी सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, तेव्हापासून अ‍ॅडमिन मीच. दोन महिन्यांपूर्वी स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट आला, पिलरला तडे, स्लॅबमधलं लोखंड गंजलेलं. मी ग्रुपवर साधंच विचारलं की रिडेव्हलपमेंटबद्दल सगळ्यांना काय वाटतं. रात्री साडेअकरापर्यंत १४० मेसेज. तिसऱ्या मजल्यावरचे काका, ज्यांनी माझ्या मुलाला चार वर्षं गणित शिकवलं, एक पैसा न घेता, त्यांनी लिहिलं 'काही लोकांना आता घर नाही, नुसता भाव दिसतोय'. मी उत्तर दिलं 'हो काका, तुम्ही म्हणाल तसं, स्लॅब डोक्यात पडेपर्यंत थांबूया सगळे'. मला वाटलं गमतीत घेतील. आता जिन्यात समोर आले तरी मान खाली घालून जातात. मग कुणीतरी बिल्डर पळून गेल्याचा ऑडिओ टाकला, कुणी लिहिलं की काही झालं तर अ‍ॅडमिनवर केस होते. मला रात्री झोप लागत नाही. ग्रुप बंद करून टाकू का? ऑनलाइन माणसं धड चर्चा करूच शकत नाहीत का? – एक सभासद"

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या गणिताच्या वाक्याशीच थांबले. ३२ फ्लॅट, १४० मेसेज, पिलर, बिल्डर, सगळं आहे पत्रात, पण तुमची झोप उडालीय ती काकांनी मान खाली घातली म्हणून, आणि माझ्या मते तुम्हाला नेमकं दुखतंय ते बरोबर जागीच दुखतंय, म्हणून तिथूनच सुरू करते.

त्याआधी अ‍ॅडमिनवरच्या केसचं सांगून टाकते म्हणजे ती भीती तरी डोक्यातून जाईल. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मधे स्पष्ट सांगितलंय की ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणी काही आक्षेपार्ह टाकलं तर निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्या माणसावर गुन्ह्याची जबाबदारी टाकता येत नाही, दोघांनी मिळून ठरवून केलं असेल तर गोष्ट वेगळी. तुम्ही भाजीसाठी ग्रुप काढला होता, निवांत रहा. आणि ग्रुप बंद करू नका, का ते पुढे येईलच.

आता तुमचं ते वाक्य. तुम्ही लिहिताना तुमच्या कानात तुमचा आवाज होता, हसरा, जरा चिडवणारा, जसा तुम्ही काकांशी जिन्यात बोलत असाल. काकांच्या फोनवर पोचली ती फक्त अक्षरं. अमेरिकेतल्या क्रुगर आणि एपली वगैरे संशोधकांचा २००५ चा एक अभ्यास आहे, त्यात लोकांना ईमेलवर काही वाक्यं सरळ आणि काही उपरोधाने लिहायला सांगितली होती. लिहिणाऱ्यांना वाटत होतं की वाचणाऱ्याला आपला सूर १०० पैकी ७८ वेळा तरी कळेल, प्रत्यक्षात कळला ५६ वेळा, म्हणजे छापा-काटा केला असता तरी साधारण तेवढंच आलं असतं. हे साध्या ईमेलचं, शांत वेळी. तुमच्याकडे रात्र झालेली, वर कितीतरी मेसेज चढलेले, आणि काका ७४ वर्षांचे असतील तर चष्मा लावून एकेक मेसेज वर सरकवत वाचणारे. त्यांना 'स्लॅब डोक्यात पडेपर्यंत' एवढंच दिसलं असणार. आणि काकांचं 'नुसता भाव दिसतोय' हेही तुम्हाला जेवढं टोचलं तेवढं त्यांना टोचवायचं होतं का, मला शंका आहे, कदाचित ते तुमच्याबद्दल नव्हतंच, कदाचित ते दुसऱ्या मजल्यावरच्या कुणाला होतं, तुम्ही विचारलंत का कधी? पत्रात तरी दिसलं नाही.

दुसरी गोष्ट, आणि मला हीच सगळ्यात मोठी वाटते. ग्रुपवर आपण एकाला उत्तर देतो पण बघत असतात सगळे. जिन्यात काका म्हणाले असते 'काय गं, घर विकायला काढलंस का' तर तुम्ही म्हणाला असता 'काहीतरीच काय काका', आणि विषय संपला असता. ग्रुपवर ३१ घरं बघतायत म्हटल्यावर गप्प बसलं तर हरल्यासारखं, माघार घेतली तर तोंड दाखवायला जागा नाही, मग माणूस बोलत सुटतो, उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि एकदा लिहून झालं की ते वाक्य तिथेच लटकत राहतं, दुसऱ्या दिवशी कामावरून आलेला माणूस ते वाचतो आणि संपलेलं भांडण पुन्हा पेटवतो. बोलण्यात शब्द विरून जातात, ग्रुपवर विरत नाहीत. माणसं मुळात वाईट असतात म्हणून हे होत नाही, तुमच्या सोसायटीतली हीच माणसं २०२० मधे एकमेकांच्या दारात दुधाच्या पिशव्या ठेवून जात होती, याच ग्रुपवर याद्या करून.

आपल्याकडे न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या जुन्या भारतीय शास्त्रात (कोर्टाच्या नाही), चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत, वाद, जल्प आणि वितंडा. खरं काय ते शोधायला दोघांनी मिळून बोलायचं तो वाद, जिंकायला बोलायचं तो जल्प, आणि स्वतःचं काहीच म्हणणं न मांडता समोरच्याचं फक्त खोडत बसायचं ती वितंडा, आपण वितंडवाद म्हणतो तो शब्द तिथलाच. गंमत बघा, मराठीत आपण 'वाद घालू नकोस' म्हणतो, म्हणजे चांगल्या शब्दालाच आपण वाईट करून ठेवलं. आता तुमचे १४० मेसेज या तीन डब्यांत टाकून बघा. ऑडिट रिपोर्टमधे नक्की काय आहे, कुठल्या विंगला जास्त धोका आहे, हे विचारणारे मेसेज किती? मला वाटतं दहाच्या आत निघतील. 'मग तुम्हीच बघा', 'आम्ही सांगितलं होतंच', 'सगळे बिल्डर चोर', हे बाकीचे. त्या शास्त्रातच पूर्वपक्ष नावाची एक पद्धत आहे, समोरच्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, इतकं नीट की तो म्हणेल हो, मला हेच म्हणायचंय, आणि त्यानंतरच आपलं उत्तर. ही एकच सवय तुम्ही लावून घेतलीत ना, तर निम्मी भांडणं सुरूच होणार नाहीत, कारण निम्म्या वेळा पूर्वपक्ष मांडतानाच कळतं की समोरचा भलतंच काहीतरी म्हणत होता.

काकांचा पूर्वपक्ष काय असेल? मी ओळखत नाही त्यांना, पण माझ्या मावशीच्या बिल्डिंगमधे हेच झालं होतं, ठाण्याच्या पुढे, चारेक वर्षांपूर्वी. माझ्या मावशीचे यजमान, वय ७६, ग्रुपवर रोज विरोध करायचे, एकदा तर त्यांनी लिहिलं 'माझ्या प्रेतावरून जा', आणि सगळे म्हणायला लागले म्हातारा अडून बसलाय, जास्त पैसे पाहिजेत म्हणून. माझा मामेभाऊ त्या सोसायटीच्या कमिटीवर होता, तो एका रविवारी वही घेऊन त्यांच्याकडे गेला, फोन घरी ठेवून, आणि त्यांना म्हणाला मी काही सांगायला आलो नाही, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. पहिली पंधरा मिनिटं शिव्याच. मग एक एक बाहेर यायला लागलं. भाडं सहा महिन्यांनी थांबलं तर पेन्शनमधे दुसरीकडे कसं राहायचं. म्हातारा-म्हातारीला घर भाड्याने देतं कोण. मावशीचा गुडघा गेलाय, तिला तळमजला किंवा लिफ्ट पाहिजे, तसं घर स्टेशनजवळ मिळणार का. आणि शेवटी, अगदी हळू आवाजात, 'तीन वर्षं म्हणताय, मी परत येईन का रे या घरात?' मामेभाऊ सांगत होता की हे वाक्य ऐकल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. ग्रुपवर कुणीही, कधीही, ते वाक्य लिहिलं नसतं. ६० लोकांसमोर 'मी मरेन त्याआधी' असं लिहिण्यापेक्षा 'सगळे बिल्डर चोर' लिहिणं खूप सोपं आहे.

म्हणून पहिलं काम, काकांकडे जायचं. फोन करून नाही, मेसेज करून तर नाहीच. माफी मागायची, आणि 'वाईट वाटलं असेल तर सॉरी' असली नाही, 'मी ते वाक्य लिहायला नको होतं' अशी. आणि एक सांगते जे लोक टाळतात, घरात मागितलेली माफी ग्रुपवरही एका ओळीत यायला हवी, कारण अपमान ग्रुपवर झालाय. काकांना आधी विचारून मग टाका, 'काकांशी त्या दिवशी मी चुकीच्या शब्दांत बोलले, त्यांचे प्रश्न रास्त आहेत आणि ते मी लिहून घेतेय.' बास, याच्यापुढे स्पष्टीकरण नको, कुणी खाली अंगठे दाखवले तरी पुढे बोलू नका.

दुसरं, वही. खरीखुरी कागदाची वही. ज्या ज्या घराचा विरोध आहे किंवा जे गप्प आहेत (गप्प बसलेल्यांना विसरू नका, ३२ घरांत बोलणारी सात-आठच असतात, बाकीचे वाचून फोन उलटा ठेवतात) त्यांच्याकडे जाऊन प्रश्न लिहून घ्या, त्यांच्याच शब्दांत. मग बघा, बऱ्याच प्रश्नांना उत्तर असतं, फक्त ग्रुपवर ते कुणी शोधत नसतं. 'बिल्डर पळाला तर?' हा प्रश्न म्हणून टाकला की भांडण होतं, पण सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या निर्णयात, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या, प्रकल्पाच्या खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी, म्हणजे बँकेची हमी, विकासकाने (बिल्डरने) द्यायची असं आहे, म्हणजे आता प्रश्न असा होतो की आपल्या करारात ती आहे का, कुठल्या बँकेची, किती मुदतीची. भाड्याचं तसंच, ते करारात काय लिहिलंय, किती महिन्यांचे चेक आधी देणार, याच्यावर बोलता येतं, 'चोर' याच्यावर काय बोलणार? 'चार लोक मिळून ठरवतील आणि आपल्याला बाहेर काढतील' ही भीती असेल तर त्याच निर्णयात आहे की सभेला दोन तृतीयांश सभासद हजर पाहिजेत आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते, विकासक निवडायच्या सभेला निबंधक कार्यालयाचा प्रतिनिधी असतो आणि व्हिडिओ शूटिंग होतं. तुमच्याकडे ३२ सभासद धरले तर सभेला किमान २२ माणसं आणि संमती १७ जणांची, १४० मेसेजनी काही ठरत नाही. हे मुद्दे सोसायटीच्या वकिलाकडून एकदा तपासून घ्या आणि मगच पुढे करा, कारण चुकीचा नियम छातीठोकपणे सांगितला की सगळी वही वाया.

ऑडिओचं सांगते. त्या मेसेजवर दोन बाण आहेत का बघा, 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ टाकणाऱ्यालाही माहीत नाही की बोलणारा कोण, कुठल्या गावचा, कधीचा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार मारलं, अशाच मेसेजवरून पसरलेल्या अफवांनी, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. तुमच्या सोसायटीत असं काही होणार नाही, पण फॉरवर्ड टाकणारा स्वतः काही बोलत नसतो हे त्यातून लक्षात ठेवण्यासारखं आहे, तो दुसऱ्याचा आवाज पुढे करतो आणि विचारलं तर 'मी फक्त आलेलं पाठवलं' म्हणतो. अशावेळी 'खोटं आहे' म्हणून तुटून पडू नका, त्याला खाजगीत विचारा, 'हे कुठल्या प्रोजेक्टचं आहे, आपण माहिती काढूया का?' महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, वेबसाइटवर नोंदणी झालेल्या प्रोजेक्टची माहिती कुणालाही बघता येते. प्रोजेक्टचं नाव निघालं तर बघून ग्रुपवर टाका, नाही निघालं तर ऑडिओ आपोआप थंड होतो. सगळ्यांसमोर खोटं पाडलेला माणूस दुसऱ्या दिवशी तीन ऑडिओ घेऊन येतो, हे मी खूप बघितलंय.

आणि पोल घेऊ नका! मला माहितीये कुणीतरी 'सरळ पोल टाका, होऊन जाऊ दे' म्हणेल. व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमधे कुणी काय मत दिलं ते नावानिशी सगळ्यांना दिसतं. ज्या आजींचा मुलगा त्यांना विचारत नाही त्या तिथे काय मत देणार? शिवाय कायद्याने त्याला काही किंमत नाही, उलट २१ हो आणि ११ नाही असा आकडा एकदा दिसला की लोक आपापल्या बाजूला उभे राहतात आणि मग कुणी मत बदलायला तयार होत नाही, कारण आता ते नोंदलं गेलंय.

मग ग्रुपवर काय करायचं, तर कागद आणि उत्तरं. ऑडिट रिपोर्टची पीडीएफ टाका, पूर्ण, कुणी फोटो काढून अर्धंच पान टाकलं की संशय येतो. वहीतले प्रश्न नावं न घालता टाका आणि उत्तर मिळालं की त्याखाली तारखेसह लिहा, उत्तर मिळालं नसेल तर तेही लिहा. एक मेसेज मी तुम्हाला लिहूनच देते, जमला तर वापरा: 'नमस्कार. पुढच्या महिनाभरात मी प्रत्येक घरी येऊन रिडेव्हलपमेंटबद्दलचे प्रश्न लिहून घेणार आहे. कुणाचंही नाव लिहिणार नाही. सगळे प्रश्न छापून नोटीस बोर्डवर आणि इथे लावू, उत्तरं शोधायला प्रत्येक मजल्यावरून एकाने मदत करावी ही विनंती. निर्णय सर्वसाधारण सभेतच होईल, तोपर्यंत इथे मत मांडलं नाही म्हणून कुणी होकार किंवा नकार दिला असं कुणीही समजू नये.' शेवटचं वाक्य काढू नका, त्याने गप्प बसलेल्यांना फार मोकळं वाटतं.

रात्री दहानंतर उत्तर देऊ नका. कितीही खोटं, कितीही लागणारं लिहिलं असलं तरी नाही. सकाळी चहा घेऊन परत वाचा, बरेचसे मेसेज तोपर्यंत उत्तर देण्यासारखे राहिलेले नसतात. अ‍ॅडमिन म्हणून तुमच्याकडे 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील' हे बटण आहे, ते रात्री तापलंय म्हणून तासाभरासाठी वापरलंत तर ठीक, पण कायमचं लावू नका, लोकांचं तोंड बंद केलं की ते दुसरा ग्रुप काढतात आणि मग तुम्हाला कळतही नाही तिथे काय चाललंय. आणि अ‍ॅडमिन एकट्या राहू नका. विरोध करणाऱ्यांपैकी एकाला अ‍ॅडमिन करा, खरंच करा, मग ग्रुप 'त्यांचा' राहत नाही.

एक-दोन माणसं अशी असतीलच ज्यांना चर्चा नकोच आहे, काहीही उत्तर दिलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. ती प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांच्यावर शक्ती घालवू नका, त्यांच्या प्रश्नाला एकदा नीट, कागदासह उत्तर द्या, दुसऱ्यांदा तोच प्रश्न आला की आधीच्या उत्तराचाच रिप्लाय करा आणि पुढे जा. तुमचं उत्तर वाचतायत ती बाकीची पंचवीस घरं, जी बोलत नाहीत. पण कुणालाही या यादीत घालायच्या आधी एकदा त्याच्या दारात जाऊन आलेल्या असा, मावशीच्या यजमानांना सगळ्यांनी याच यादीत घातलं होतं. त्यांची सोसायटी पुढे दीड वर्षाने सभेत एकमताने गेली, करारात भाड्याचे चेक आधी घेतले, आणि ज्येष्ठांना लिफ्टचं घर शोधून देण्याची जबाबदारी कुणाची हे एका ओळीत लिहून घेतलं, ती ओळ यजमानांनीच सुचवली होती. ते आता भाड्याच्या घरात आहेत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, बिल्डिंग अजून वर चढतेय, दर रविवारी बघायला जातात.

तुमचा ऑडिट रिपोर्ट मात्र थांबणार नाही, लोखंड गंजलेलं आहे ते भांडण मिटायची वाट बघत बसणार नाही, तेव्हा या सगळ्याला दोन-तीन महिन्यांच्या वर जाऊ देऊ नका आणि तोपर्यंत ज्या पिलरला तडे आहेत त्याला टेकू लावायचा की नाही ते इंजिनिअरला आजच विचारा, त्यासाठी चर्चेची गरज नाही.

या रविवारी जा काकांकडे, सकाळी दहाच्या सुमाराला, पेपर वाचून झालेला असतो. मुलालाही घेऊन जा जमलं तर, ज्याला त्यांनी गणित शिकवलं. वहीचं पहिलं पान त्यांनाच भरायला द्या, त्यांच्या अक्षरात. आणि काकूंची तब्येत विचारायला विसरू नका, जिने चढउतार कसं करतात त्या सध्या.